शहादेव सरांना पळवायचं कोणी?

तिसरा दिवस मावळतीला टेकला तरी शहादेव सरांना पळवून न्यायला कोणी आलं नाही, तेव्हा गल्लीला लाज वाटायला लागली.

परगावचा माणूस म्हणेल, नाही पळवलं ते बरंच झालं की! तसं नसतं. सहकारात एक रीत आहे. संस्थेची निवडणूक झाली, संचालक निवडून आले, की चेअरमन निवडायच्या दिवसापर्यंत त्यांना कोणी घरी राहू देत नाही. दोन्ही पार्ट्या जीप घेऊन येतात, आपापले संचालक उचलतात आणि लांब कुठंतरी लॉजवर नेऊन बसवतात, म्हणजे समोरच्याला ते फोडता येत नाहीत. ह्याला अपहरण म्हणायचं नाही, सहल म्हणायचं. मोठ्या कारखान्यांचे संचालक गोव्याला जातात म्हणे. आमच्या नेकनूरचं होतं साधं ग्राहक भांडार. रॉकेल, पामतेल, धुण्याचा साबण आणि दिवाळीला कार्डावर मिळणारा रवा, एवढाच त्याचा पसारा. पण चेअरमनची खुर्ची ती खुर्ची. तिच्यासाठी जालिंदरराव आणि धुळाजी आबा एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

संचालक अकरा. पाच जालिंदररावांचे, पाच धुळाजी आबांचे आणि अकरावे शहादेव सर, हायस्कुलातले चित्रकलेचे मास्तर. सर राखीव जागेवरून बिनविरोध आले होते. बिनविरोध म्हणजे काय, तर फॉर्म भरायच्या दिवशी त्या जागेची दोन्ही पार्ट्यांना आठवणच राहिली नव्हती. मोजणी झाली, पाच-पाच पडले, आणि मग सगळ्यांना सर आठवले. आता सर ज्याच्याकडे जातील तो चेअरमन. गल्लीच्या हिशेबानं सरांच्या दारात जीपांची रांग लागायला पाहिजे होती.

जीप आली. पहिल्याच दिवशी दोनदा आली. पण आली ती बायकांच्या जागेवरून निवडून आलेल्या छबुबाईंसाठी. छबुबाई म्हणाल्या, "मी शेळी सोडून येत न्हाई. गाभणी हाय ती. तिला पानी कोन पाजील?" कार्यकर्त्यांनी जरा वेळ डोकं खाजवलं आणि शेळीला मागच्या सीटवर घेतलं. सर ओट्यावर बॅग घेऊन उभे होते. जीप त्यांच्या समोरून वळली, ड्रायव्हरनं त्यांच्याकडे बघितलं, घाईघाईनं मान फिरवली आणि गियर टाकला. शेळी गेली, सर राहिले.

बॅग गल्लीनं मिळून भरलेली होती. शेजारचे निवृत्ती कंपाउंडर ह्या विषयातले जाणकार, कारण मागं दूध सोसायटीच्या वेळी त्यांना महाबळेश्वरला पळवलं होतं. तेव्हापासून ते भर मे महिन्यातसुद्धा मधूनच गळ्याला मफलर गुंडाळत. त्यांनी सरांच्या बॅगेत स्वतःचा स्वेटर कोंबला.

"सर, तिथं नळ सोडला की सोडला," ते सांगत. "बंद कर म्हनायला कोनी येत न्हाई. मी तर दात घासताना चालूच ठिवायचो. नुसतं बघायला."

"वाया जात आसंल की हो," सर म्हणत.

"जाऊ द्या की! तेच तर बघायचं!"

समोरच्या चतुराबाईंनी शेंगदाण्याची चटणी आणि दोन टॉवेल दिले. विहिरीवरच्या मोटारींच्या वायंडिंगचं दुकान चालवणाऱ्या अजीज मिस्त्रींनी सल्ला दिला तो सगळ्यात व्यवहारी. "घरात बसून कसं जमंल सर? दुकानाला फळी लावून गिऱ्हाईक येतंय का? ओट्यावर बसा. चांगलं उघड्यावर बसा. ब्याग दिसली पायजे." आणि सरांना एकटं वाटू नये म्हणून अजीजभाई आपली जळकी मोटार आणि तांब्याच्या तारेचं भेंडोळं घेऊन त्यांच्याच ओट्यावर कामाला बसले.

तर सर बसले. त्या साली पाऊस लागोपाठ दुसऱ्यांदा रुसलेला. दुपारी गल्लीत उन्हाचा असा काही झोत असायचा की समोरच्या भिंती हलतायत की काय असं वाटे. त्यात सरांचा स्वभाव मुळातच स्वप्नाळू. शाळेत पाणी नसल्यानं हेडमास्तरांनी जलरंगांवर बंदी घातली होती, सगळं खडूवर चाललं होतं. सहावीच्या एका पोरीनं निसर्गचित्रात नदी काढली आणि तपकिरी रंगवली. सर म्हणाले, नदी निळी असते गं. ती म्हणाली, कुठली? तेव्हापासून सरांच्या डोळ्यांसमोर सारखी निळी नदी येई. ओट्यावर खांबाला टेकून ते डोळे मिटत आणि महाबळेश्वर सुरू होई. लॉजची खिडकी. खिडकीत धुकं. आत पांढराशुभ्र नळ, आणि नळाखाली बादली भरून वाहतेय, मोरीभर, खोलीभर, पायऱ्यांवरून खाली, आणि कोणी ओरडत नाही. धुक्यातून एक जीप यायची, अगदी अलगद, चाकांचा आवाज नाही. कोणीतरी म्हणायचं, "चला सर." सर उठायचे आणि त्यांचं डोकं खांबावर आपटायचं.

"आली का?" ते दचकून विचारत.

"न्हाई सर," अजीजभाई तार गुंडाळत म्हणत. "झोपा तुमी. आली की उठवतो."

घरात सिंधुबाईंना ह्या सगळ्याचा वैताग आला होता. सिंधुबाई म्हणजे सरांच्या पत्नी. त्या पहाटे तांबडं फुटायच्या आधी उठून गावाबाहेर नदीच्या पात्रात जात. तिथं वाळूत खड्डा खणलेला. त्यात पाझरेल तेवढं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायचं, आणि तेही नंबर लागला तर. घागर घेऊन परत येईस्तोवर ऊन डोक्यावर आलेलं असे. मग त्या गुडघा धरून उंबऱ्यावर बसत. आणि चीड कशाची, तर गल्लीच्या तोंडाशी, भांडाराच्या आवारात हापसा होता. हापशाला पाणी होतं. फक्त फाटकाला दोन कुलपं होती.

त्या कुलपांची कथा ऐकण्यासारखी आहे. मागं धुळाजी आबा चेअरमन असताना रॉकेलचा डबा चोरीला गेला, म्हणून त्यांनी मागच्या फाटकाला घरचं कुलूप लावलं. पुढं ते पडले, जालिंदरराव आले. आबा किल्ली देईनात. म्हणाले, चेअरमनकी गेली, कुलूप माझ्या बापाचं हाय. जालिंदररावांना कुलूप तोडायचं तर ठराव पाहिजे, ठरावाला आबांच्या माणसांची सही पाहिजे. त्यांनी मग रागानं आपलंही एक कुलूप शेजारी लावून टाकलं. गल्लीनं तहसीलला अर्ज केला. उत्तर आलं की, हापसा जिल्हा परिषदेचा आहे, भिंत भांडाराची आहे, कुलपं खासगी आहेत, सबब सदर बाब ह्या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. अर्ज शुद्ध मराठीत होता, उत्तरही शुद्ध मराठीत होतं. त्यामुळं कोणालाच काही बोलता आलं नाही.

"पळवतील तवा पळवतील," सिंधुबाई म्हणाल्या. "तुमच्या त्या मतानं फाटक उघडतंय का तेवढं बघा. न्हाईतर एक दिवस मी तिथंच वाळूत बसून राहीन. उठायची न्हाई."

"बघतो की," सर म्हणाले. पण त्यांचं लक्ष गल्लीच्या टोकाकडे होतं. तिकडून धूळ उडत येत होती. ती म्हैस निघाली.

चौथ्या दिवशी सरांचा धीर सुटला. माणसाला अपमान सोसतो, पण त्याला साक्षीदार नसावेत. इथं येणारा-जाणारा विचारायचा, "सर, अजून हितंच?" शाळेतला शिपाईसुद्धा हसला. सरांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि बॅग उचलून स्वतःच जालिंदररावांच्या वाटेला लागले.

जालिंदरराव खताच्या दुकानात गल्ल्यावर बसले होते. बॅग घेतलेल्या सरांना बघून ते एवढ्या जोरात उठले की खुर्ची पडली.

"नमस्कार. मी म्हटलं, आपली गाडी कधी..." सरांनी सुरुवात केली.

"कसली गाडी? आमच्याकडं गाडी न्हाई! गाडी गॅरेजला हाय!" गाडी दारात उभी होती. जालिंदररावांनी सरांच्या खांद्यावरून रस्त्यावर नजर टाकली, डावीकडं, उजवीकडं, समोरच्या लिंबाच्या झाडावर. "चहा घ्या सर. हितंच उभ्यानं घ्या. आत येऊ नका. आमी तुमाला हातबी लावलेला न्हाई, हे ध्यानात ठिवा. हे दोघं साक्षीला हायेत."

सर बाहेर पडले ते कान लाल करून. धुळाजी आबांच्या वीटभट्टीवर तर त्याहून वाईट झालं. आबांचा मुनीम म्हणाला, आबा घरी न्हाईत. तेवढ्यात मागच्या दारानं धोतराचा सोगा सावरत आबा विटांच्या थप्पीमागं पळताना सरांनी डोळ्यांनी बघितले. सत्तरीच्या घरातला माणूस, एरवी दोन पावलं चालला तर दम लागायचा. सरांना बघून तो हरणासारखा पळाला.

सर घरी आले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. भिंतीवर त्यांनी स्वतः रंगवलेला बुद्ध होता, डोळे अर्धे मिटलेला. त्याच्याकडं बघून एरवी त्यांना बरं वाटे. आज वाटलं, हासुद्धा हसतोय. मग त्यांना खरंच रडू आलं. एवढी वर्षं गावातल्या पोरांना सफरचंद काढायला शिकवलं, आणि पळवून न्यायच्यासुद्धा लायकीचे नाही आपण!

उलगडा केला अजीजभाईंनी. जालिंदररावांच्या जीपचा ड्रायव्हर पंक्चर काढायला त्यांच्या दुकानाशेजारी थांबला होता. त्याच्याकडून कळलेली बातमी घेऊन ते धावत आले आणि ओट्यावर डोकं धरून बसले.

"सर, माफ करा. घोळ माझ्यामुळं झाला."

"काय झालं?"

"ज्याचं मत फिरायचं हाय, तो मानूस घरात लपतो. माळ्यावर चढतो, पाव्हण्याकडं जातो. तुमी बसले उघड्यावर, ब्याग घिऊन. दोन्ही पार्ट्यांना वाटलं, ह्यो सापळा हाय! समोरच्या पार्टीनं तुमाला आधीच फोडलंय आन् चारा म्हनून ओट्यावर ठिवलंय. हात लावला की अपहरनाची केस. पोलीस झाडावर बसलेत म्हने."

"आणि तुम्ही माझ्याजवळ बसला होता ते?"

"मी पहारेकरी," अजीजभाई खाली मान घालून म्हणाले. "त्या जळक्या मोटारीला ते बॉम्ब म्हनतेत."

निवृत्ती कंपाउंडरांनी मफलर सोडला आणि पुन्हा गुंडाळला. आता तर गावात अशीही वदंता होती की, ह्या दोन पार्ट्यांच्या मागं एक तिसरीच पार्टी उभी राहिलीय, बीडहून कोणी मोठा माणूस तिची सूत्रं हलवतोय, आणि शहादेव सर हे त्याचं पहिलं प्यादं. सर आज बॅग घेऊन दोघांच्या दारी गेले होते, ते शेवटचा इशारा द्यायला.

ऐकून सरांनी बॅग उचलून दाराआड ठेवली. पण खरं सांगायचं तर आत कुठंतरी थोडी गुदगुली झाली. आपल्याला बघून माणसं पळाली ती ह्यासाठी!

चतुराबाईंनी मात्र मुद्द्याला हात घातला. "ते कायबी आसू दे. मतदान परवावर आलं. गल्लीतला एक मानूस निवडून आलाय आन् त्याला कोनी पळवत न्हाई, हे कसं दिसतं? कोनी न्हेत न्हाई तर आपुन न्हेऊ."

असा ठराव झाला की, गल्लीनंच आपल्या सरांना पळवायचं. अजीजभाईंकडं एका बँड पार्टीची मॅटाडोर दुरुस्तीला पडून होती. दुष्काळामुळं लग्नं नव्हती, म्हणून मालक तिची चौकशीही करत नव्हता. मॅटाडोरच्या दोन्ही अंगांना गुलाबी मोर रंगवलेले होते. इतकी लपून करायची गोष्ट इतक्या उघड गाडीतून बहुधा आजवर कोणी केली नसेल. सरांना न्यायचं कपिलधारला. तिथं मंदिर आहे, सावली आहे, धबधबाही आहे. मतदानाच्या दिवशी सकाळी परत. सगळं ठरलं. फक्त सिंधुबाईंनी बोंब मारायला नकार दिला.

"मला पान्याला जायचंय," त्या म्हणाल्या. "बोंबलत बसायला येळ न्हाई."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी बोंब चतुराबाईंनी मारली. "पळवला गं बाई! आमच्या सराला पळवला!" त्यांनी असा काही हंबरडा फोडला की ज्यांनी हा बेत केला होता तेही घाबरले. शेजारच्या गल्लीतली माणसं काठ्या घेऊन आली. निवृत्ती कंपाउंडर स्वतः जाऊन पोलीस पाटलाला सांगून आले. नंतर विचारलं, कावून सांगितलं हो? तर म्हणाले, मला राहवलंच न्हाई.

मॅटाडोर निघाली. सर मागं ढोलाला टेकून बसले होते. वर दोरीवर बँडवाल्यांचे जरीचे कोट टांगलेले, ते प्रत्येक खड्ड्याला हलत. सरांना वाटे, आपण माणसांच्या गर्दीत आहोत आणि कोणालाच तोंड नाही. बाहेर माळ पांढरा पडलेला. मांजरसुंब्याच्या पुढं चढावर गाडी इतकी हळू झाली की एक माणूस बैल घेऊन शेजारून बराच वेळ चालला आणि मग कंटाळून पुढं निघून गेला. सरांना डुलकी लागली. पुन्हा ती निळी नदी आली, पण ह्या खेपेला तिच्या काठावर सिंधुबाई बसल्या होत्या, वाटी घेऊन. एवढी भरलेली नदी आणि ही बाई वाटीनं भरतेय. सर ओरडले, अगं, घागर बुडव की! त्यांना ऐकू गेलं नाही. सर जागे झाले तेव्हा त्यांच्या गालावर ओल होती. ती घामाची असावी असं त्यांनी ठरवलं.

कपिलधारला उतरताना मॅटाडोरनं शेवटचा आचका दिला आणि इंजिन बंद पडलं. उरलेला उतार ती नुसती घरंगळत गेली.

धबधबा नव्हता. कड्यावर एक काळी ओली रेघ होती, तीही नीट बघितली तर. सर खालच्या दगडावर बसून त्या रेघेकडं बघत राहिले. इथं पावसाळ्यात बोललेलं ऐकू येत नाही, एवढा आवाज असतो. आता एक होला पक्षी घुमत होता, तो स्पष्ट ऐकू येत होता. अजीजभाई बॉनेट उघडून गाडीशी बोलत होते.

तेवढ्यात वरून दोन जीप आल्या. एकापाठोपाठ नव्हे, शेजारीशेजारी, एकमेकींना घासत.

झालं होतं असं. चतुराबाईंची बोंब दोन्ही पार्ट्यांना पोचली होती. तिसऱ्या पार्टीनं डाव टाकला, सर गेले! दोघांनाही गुलाबी मोरांचा माग काढायला वेळ लागला नाही. एका जीपमधून जालिंदरराव उतरले, दुसरीतून धुळाजी आबा. दोघांमागं चार-चार दांडगे, हातात काठ्या. त्यांनी आधी सरांकडं बघितलं, मग एकमेकांकडं बघितलं, आणि काठ्या वर झाल्या.

"आबा, ह्ये तुमचंच काम!" जालिंदरराव गरजले.

"आरं जा बे! मोराची गाडी तुझ्या मेव्हण्याच्या लग्नातली हाय!"

एकानं दुसऱ्याला ढकललं. एक काठी दगडावर आपटली आणि तिचा आवाज कड्यावरून परत आला. अजीजभाईंनी मोठा पाना उचलला, पण ते एकटे आणि समोर आठ. खेळ म्हणून निघालो, आणि इथं कोणाचं तरी डोकं फुटणार. बहुतेक आपलंच, कारण आपण बरोबर मधे आहोत.

"थांबा!" सर ओरडले. वर्गात पस्तीस वर्षं ओरडलेला आवाज होता तो, त्यांना नकळत निघाला. काठ्या जागच्या जागी राहिल्या.

"मत माझं आहे ना? मग माझं ऐका. मला कोणी पळवलेलं नाही."

दोघं चेअरमन एकमेकांकडं बघून सूचक हसले. एवढा मुरलेला माणूस त्यांनी बघितला नव्हता.

"सर, सरळ बोला," धुळाजी आबा जवळ येऊन हळू म्हणाले. "तुमाला पायजे काय?"

महाबळेश्वर म्हणावं, असं सरांच्या ओठांवर आलं होतं. खोटं कशाला बोला. लॉज, धुकं, नळ, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण त्या सगळ्याच्या मधोमध ती वाटी होती.

"हापसा," सर म्हणाले. "फाटक उघडा."

"एवढंच?" जालिंदरराव म्हणाले. "मग ह्यांना सांगा. ह्यांचं कुलूप आधीचं हाय."

"माझं मी केव्हाबी काढतो! ह्याचं राहतंय की मागं!"

"ते मला ठाऊक नाही," सर म्हणाले. "माझ्या बायकोचा गुडघा गेलाय त्या वाळूत. आज उघडा. जो आधी कुलूप काढील, त्याचा मी आधी विचार करीन."

मग दोघांनी एकदमच कमरेच्या किल्ल्या चाचपल्या आणि एकदमच धूम ठोकली. काठ्यावाले मागं पळाले. जीप वळल्या, एकीचा आरसा दुसरीनं तोडला, आणि धूळ एवढी उठली की कडा दिसेना. धूळ बसली तेव्हा तिथं सर, अजीजभाई आणि मोर, एवढेच उरले होते.

"सर," अजीजभाई पाना खाली ठेवत म्हणाले, "आत्ताबी तुमाला न्हाई न्हेलं बघा."

सरांनी बॅगेवरची धूळ झटकली. पण त्यांना लागलं होतं.

परतीचा प्रवास थोडा पायी, थोडा उसाच्या रिकाम्या ट्रॅक्टरवर आणि उरलेला एसटीत झाला. नेकनूरला उतरले तेव्हा दिवस कलला होता, आणि गल्लीच्या तोंडाशी जत्रा भरली होती. फाटक सताड उघडं. हापशाच्या दांड्यावर सिंधुबाई, पदर खोचलेला, चेहरा भिजलेला. शेजारी घागरींची रांग. फाटकाच्या एका बाजूला जालिंदरराव, दुसऱ्या बाजूला धुळाजी आबा, दोघांच्याही हातात आपापलं कुलूप.

"सर, आधी माझं निघालं!"

"खोटं! ह्याची किल्ली उलटी बसली होती, मी सवताच्या डोळ्यानं बघितली!"

गल्लीला विचारलं तर निम्मी म्हणे ह्याचं, निम्मी म्हणे त्याचं. चतुराबाई म्हणाल्या, दोन्ही एकदमच निघाली, माझ्या ध्यानात हाय. सरांनी दोघांना सांगितलं, उद्या सभेत बघू.

घरात सिंधुबाईंनी तांब्याभर पाणी पुढं केलं. थंड, हापशाचं, लोखंडाचा थोडा वास असलेलं. सर घटाघटा प्यायले.

"कोनाला देनार मत?" सिंधुबाईंनी विचारलं.

"आधी जालिंदररावांचं निघालं असं वाटतंय मला."

"द्या मग. आबा हरले की उद्या येऊन आपलं कुलूप परत लावतील."

"मग आबांना..."

"मग जालिंदर लावील." सिंधुबाईंनी तांब्या काढून घेतला. "दोघांच्याबी हातात कुलूप तसंच हाय. बघितलं न्हाई का? कोनी खाली ठिवलं न्हाई."

सरांनी भिंतीकडं बघितलं. बुद्ध होता तसाच होता.

दुसऱ्या दिवशी सभा भरली असं म्हणता येणार नाही. बीडहून निवडणूक अधिकारी आले, टेबलावर हिरवं कापड अंथरलं गेलं. पण सरांचं मत कळल्याशिवाय दोन्ही पार्ट्या आपले संचालक लॉजमधून बाहेर काढीनात. सर कोणाकडंच गेले नाहीत आणि बरोबरी झाली तर चिठ्ठी टाकावी लागणार, आणि चिठ्ठीवर त्या दोघांचाही विश्वास नव्हता. सभागृहात अधिकारी आणि शहादेव सर, असे दोघंच बसले. दारात जालिंदरराव, खिडकीत धुळाजी आबा. अधिकाऱ्यांनी विचारलं, "सर, तुमचा काही निर्णय?"

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. आबांच्या डोक्यावरून हापशाचा दांडा वरखाली होताना दिसत होता.

"विचार चालू आहे," सर म्हणाले. "घाईत नको. जबाबदारीचं काम आहे."

गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली. पुढची तारीख पडली, तीही तहकूब झाली. त्याच्या पुढचीही. लॉजमधल्या संचालकांना घरी आणायची कोणाची छाती होईना. छबुबाईंचा निरोप आला, शेळीला दोन करडं झाली, हवा मानवली. निवृत्ती कंपाउंडर म्हणाले, आता तरी मला परत संचालक करा. जालिंदरराव आणि धुळाजी आबा रोज सकाळी, जीपनं नव्हे, पायी, सरांच्या ओट्यावर येऊन बसू लागले. दोघांच्याही खिशाला कुलपाचं ओझं, सदरा एका बाजूला ओढलेला. एकानं जरी फाटकाकडं वाकडी नजर टाकली, तरी मत दुसऱ्याकडं जाणार, हे दोघांनाही कळत होतं.

मृगाच्या आधीच्या त्या कोरड्या दिवसांतली एक सकाळ. ऊन ओट्यावर उतरलं होतं. दोघंही नेहमीसारखे आले, आणि आबांनी खाकरून हाक मारली, "ओ सर! ठरलं का काही?"

शहादेव सर दार लोटून घेत बाहेर आले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," ते म्हणाले. "ती झोपलीय अजून."

दोघं चेअरमन गप्प झाले. आतून सिंधुबाईंच्या श्वासाचा आवाज येत होता, संथ, लांब. सर त्या दोघांच्या शेजारी ओट्यावर बसले.

"दुपारी या," सर कुजबुजले. "विचार चालू आहे."